मुलांचे दंतवैद्य आणि बर्नआउट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलांच्या दातांवर उपचार करणारे डॉक्टर दिवसअखेर दमतात, हे ऐकून कोणाला नवल वाटत नाही. काही जणांच्या बाबतीत ते दमणे हळूहळू वेगळेच रूप घेते, याविषयी मात्र आमच्या व्यवसायात फार कमी बोलले जाते. सहकाऱ्यांनी, पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि कधी कधी डॉक्टरांच्या घरच्या माणसांनी माझ्याकडे पुन्हा पुन्हा मांडलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मी स्वतः अनेक वर्षे मुलांचेच दात पाहत आले आहे, त्यामुळे काही उत्तरांत माझे मतही आले आहे.

बर्नआउट म्हणजे नेमके काय? रोजच्या थकव्याहून ते वेगळे कसे?

थकवा विश्रांतीने उतरतो. रात्रीची झोप नीट झाली, सुट्टीचा एक दिवस निवांत गेला, की दुसऱ्या दिवशी पुन्हा हुरूप येतो. बर्नआउटमध्ये तसे होत नाही. सुट्टी संपण्याच्या आदल्या संध्याकाळीच छातीवर ओझे आल्यासारखे वाटू लागते. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हा शब्द या अर्थाने मांडला, तो रुग्णसेवेत जीव तोडून काम करणाऱ्या माणसांची अवस्था पाहून. पुढे ख्रिस्तिना मास्लाख आणि सुसान जॅक्सन या संशोधकांनी १९८१ मध्ये त्याचे तीन पैलू मोजण्याची प्रश्नावली तयार केली. पहिला पैलू भावनिक रितेपणाचा, म्हणजे आता देण्यासारखे आपल्याजवळ काही उरलेच नाही, असे वाटण्याचा. दुसरा समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणे सुटण्याचा. मराठीत आपण ज्याला पाट्या टाकणे म्हणतो, त्याच्या हे बरेच जवळ जाते. तिसरा पैलू, आपल्या हातून काही चांगले घडते हा विश्वास ओसरण्याचा. हे तिन्ही एकाच वेळी दिसतात असे नाही. मुलांच्या दंतवैद्यांत बहुधा रितेपणा आधी येतो आणि विश्वास सर्वांत शेवटी ढळतो, असे माझे निरीक्षण आहे.

हा आजार आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीत, बर्नआउटची नोंद कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी व्यावसायिक स्थिती म्हणून आहे, वैद्यकीय आजार म्हणून नव्हे. हा भेद कागदापुरता नाही, कारण मूळ कामाच्या रचनेत असेल तर उपायही आधी तेथेच शोधावा लागतो.

इतर दंतवैद्यांच्या तुलनेत मुलांवर उपचार करणाऱ्यांच्या कामात असे वेगळे काय आहे?

दंतवैद्यकाचे काम मुळातच नाजूक, वाकून करायचे आणि घड्याळाला बांधलेले. मुलांच्या बाबतीत त्यावर आणखी थर चढतात. दुधाच्या दातांचे बाह्य आवरण पातळ असते आणि आतला मगज, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ भाग, पृष्ठभागाच्या जवळ असतो, त्यामुळे कीड काढताना एखाद्या मिलिमीटरची चूकही महागात पडते. आणि हे काम चालू असताना ज्याच्या तोंडात आपण हात घातला आहे, तो चार वर्षांचा जीव कोणत्याही क्षणी मान वळवू शकतो, जीभ मध्ये आणू शकतो किंवा हँडपीस, म्हणजे दात कोरण्याचे यंत्र, पकडू शकतो. भुलेच्या इंजेक्शनची मात्रा वजनावर मोजावी लागते. बधिर झालेला ओठ मूल घरी जाऊन चावणार नाही, याची समज पालकांना आधीच द्यावी लागते. सहकार्याची मुदतही थोडी असते. काही मुले १५ मिनिटे छान बसतात आणि १६व्या मिनिटाला त्यांचा धीर संपतो, तेव्हा उपचार अर्ध्यावर असेल तर तो पूर्ण करायचा की तात्पुरते भरून थांबायचे, हा निर्णय मूल रडत असतानाच घ्यावा लागतो.

तरीही माझ्या मते खरा भार या तांत्रिक गोष्टींचा नाही. एकाच वेळी तीन माणसांशी तीन वेगळ्या आवाजांत बोलावे लागते, त्याचा आहे. मुलाशी बोलताना आवाज मऊ, सावकाश आणि खेळकर. असिस्टंटला सूचना देताना नेमका आणि झटपट, पण मुलाच्या कानावर सुईसारखा शब्द पडू न देता. आणि कोपऱ्यात मुठी आवळून बसलेल्या आईशी किंवा वडिलांशी बोलताना आश्वासक. आत काहीही चालले असले तरी चेहऱ्यावर आणि आवाजात शांतपणाच दिसला पाहिजे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ मध्ये अशा कामाला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. पाठ दुखली तर कळते. हे श्रम मात्र दिसत नाहीत, मोजले जात नाहीत आणि त्यांचा वेळ कोणत्याही अपॉइंटमेंटमध्ये धरलेला नसतो.

मग मुलांचे रडणे हेच मुख्य कारण म्हणायचे का?

रडण्याने कान किटतात, हे खरे. तोंडातली लाळ ओढून घेणाऱ्या सक्शनच्या आणि हँडपीसच्या आवाजावर दिवसभर रडण्याचा आवाज चढत राहिला की डोके भणभणते. परंतु रडणे ही लहान मुलाची भाषा आहे आणि अनुभवी डॉक्टर त्यातला फरक ओळखतात. घाबरून रडणे वेगळे, दुखून रडणे वेगळे, थकून रडणे वेगळे आणि आईने खोलीबाहेर जाऊ नये म्हणून रडणे आणखी वेगळे. ज्यांच्याकडे थांबायला वेळ असतो, त्यांना हे रडणे सोसते. पुढचे मूल बाहेर अर्धा तास ताटकळले आहे हे ज्यांना ठाऊक असते, त्यांना तेच रडणे असह्य होते. म्हणून मी दोष वेळापत्रकाला देते, मुलाला नाही.

आणखी एक कारण आहे, ज्याचा उल्लेख सहसा होत नाही. दात किडणे हा बव्हंशी टाळता येण्यासारखा आजार आहे. दोन वर्षांच्या मुलाचे वरचे चारही पुढचे दात रात्रभर तोंडात राहणाऱ्या गोड दुधाच्या बाटलीने गेलेले पाहायचे, उपचार करायचे, बाटलीविषयी समजावून सांगायचे आणि सहा महिन्यांनी त्याच मुलाच्या दाढांत नवी कीड पाहायची, हे वर्षानुवर्षे केल्यावर आपले सांगणे वाऱ्यावर जाते असे वाटू लागते. आपल्या हातून काही घडते हा विश्वास ओसरण्याची वाट अनेकदा येथूनच जाते.

पालकांचा त्यात किती वाटा असतो?

मोठा असतो, पण बहुतेक वेळा तो वाईट हेतूने नसतो. मुलाच्या दातांना कीड लागली याचा अपराधीपणा पालकांच्या मनात असतो आणि तो कधी रागाच्या, कधी घाईच्या रूपाने बाहेर पडतो. “आजच सगळे करून टाका”, “तुम्ही त्याला नीट धरत का नाही?”, “तुम्ही त्याला धरलेत कसे?” ही तिन्ही वाक्ये एकाच सकाळी तीन वेगवेगळ्या पालकांकडून ऐकायला मिळतात. सर्वांत जड जाते ती धमकी, जी पालक मुलाला देतात : “गप्प बसला नाहीस तर डॉक्टर इंजेक्शन देतील.” जो विश्वास अर्धा तास खर्चून मिळवला, तो एका वाक्यात जातो आणि डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सुरुवातीची लक्षणे कोणती?

झोप उडणे, चिडचिड, डोके दुखणे, सकाळी निघताना पाय न उचलणे, ही लक्षणे सर्वांना ठाऊक आहेत. मी येथे खुर्चीजवळ दिसणाऱ्या एका खुणेबद्दल लिहिणार आहे, कारण माझ्या अनुभवात ती फार लवकर दिसते.

आमच्यातील बहुतेक जण उपचार सुरू करण्यापूर्वी मुलाला सांगतात, “काही वाटले तर डावा हात वर कर, मी थांबेन.” हे मुलाला दिलेले वचन असते. मूल पहिल्यांदा हात वर करते तेव्हा त्याला दुखत असतेच असे नाही. डॉक्टर खरेच थांबतात का, हे ते पडताळून पाहत असते. आपण हँडपीस बाहेर काढतो, “हं, सांग” म्हणतो, ते काहीच सांगत नाही, तोंड पुन्हा उघडते आणि त्यानंतर पुष्कळदा हात वर येतच नाही. रितेपणा येऊ लागला की ही क्रिया बदलते. हात वर आला तरी आपण “झालंच, झालंच” म्हणत पुढे जातो. सुरुवातीला हे एखाद्याच मुलाच्या बाबतीत घडते. मग सवय होते. मग हात वर करायला सांगणेच बंद होते. ज्या दिवशी मला स्वतःला असे करताना जाणवले, त्या दिवशी समोर सहा वर्षांची मुलगी होती. तिचा हात दोनदा वर आला आणि तिसऱ्यांदा तिने तो वर न करता खुर्चीच्या कडेला घट्ट धरून ठेवला. रडली नाही. त्या न रडण्याने मला जे कळले, ते कोणत्याही प्रश्नावलीने कळले नसते.

याच जातीच्या आणखी काही खुणा आहेत : मुलाचे नाव न घेता “ती दोन नंबरची पल्पेक्टॉमी” (म्हणजे दाताचा मगज काढण्याचा उपचार) असे म्हणू लागणे, “सांगा, दाखवा, मग करा” ही प्रत्येक गोष्ट मुलाला आधी समजावून मगच करण्याची रीत गाळून थेट कामाला लागणे, अपॉइंटमेंट रद्द झाली की सुटल्यासारखे वाटणे, आणि मूल शांत असले तरी आपला जबडा आवळलेला असणे.

स्वतःची तपासणी करण्याचे काही साधन आहे का?

मास्लाख आणि जॅक्सन यांच्या प्रश्नावलीत रुग्णसेवेतील व्यक्तींसाठी २२ विधाने आहेत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगन प्रश्नावलीत १९ प्रश्न असून त्यांचे तीन भाग आहेत : वैयक्तिक थकवा, कामामुळे येणारा थकवा आणि ज्यांची सेवा करतो त्यांच्यामुळे येणारा थकवा. मुलांच्या दंतवैद्यांना ही विभागणी विशेष उपयोगी वाटते, कारण अनेकांना उत्तरे लिहिताना पहिल्यांदाच उमगते की त्रास मुलांचा नसून भोवतालच्या व्यवस्थेचा आहे. मात्र या साधनांनी निदान होत नाही. ती आरशासारखी वापरावीत.

हे नैराश्य तर नसेल?

असू शकते, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. ढोबळ फरक असा की बर्नआउटचे मळभ कामाभोवती असते. दवाखान्यापासून दूर, आवडत्या माणसांत मन रमते. नैराश्यात कशातच रस उरत नाही, भूक आणि झोप बिघडते, स्वतःविषयी निरुपयोगी असल्याची भावना सगळीकडे पाठलाग करते. हा फरक स्वतःच ठरवत बसू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगू नये असा विचार एकदाही मनात आला असेल, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. भूल आणि गुंगीची औषधे ज्यांच्या हाताशी असतात, त्यांच्या बाबतीत हे अधिकच निकडीचे आहे.

मला मुले मनापासून आवडतात. मग माझ्यावर ही वेळ कशी येईल?

ज्यांना मुले आवडत नाहीत, ते या शाखेकडे सहसा वळतच नाहीत. ज्यांचा जीव कामात अधिक गुंतलेला असतो, तेच स्वतःच्या मर्यादेपलीकडे जात राहतात. आवड हे संरक्षण नाही.

शरीराच्या दुखण्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. लहान तोंडात पाहण्यासाठी मान अधिक झुकवावी लागते, आणि मूल आईच्या मांडीवर असेल तर डॉक्टरची बसण्याची पद्धत सगळीच बिघडते. मान, खांदे आणि कंबर यांचे दुखणे झोप बिघडवते आणि अपुरी झोप धीर कमी करते. भिंग असलेला चष्मा, मुलांच्या उंचीला साजेशी खुर्ची आणि दोन मुलांच्या मध्ये दोन मिनिटे उभे राहून खांदे मोकळे करणे, हे उपाय साधे आहेत, पण ते मनावर घेतले जात नाहीत.

उपचार घेणाऱ्या मुलावर याचा काय परिणाम होतो?

मूल शब्दांआधी आवाज आणि हात ओळखते. घाईत दिलेले इंजेक्शन अधिक दुखते, कारण भुलेचे औषध हळू सोडले तर वेदना कमी होतात. एक वाईट भेट पुढच्या अनेक भेटी अवघड करते आणि ज्या मुलाला दंतवैद्याची धास्ती बसली, ते मोठेपणीही दुखणे टोकाला जाईपर्यंत येत नाही. शिवाय हे चक्र उलटून डॉक्टरवरच येते : घाबरलेली मुले वाढतात, दिवस अधिक जड होतो, घाई आणखी वाढते.

वेळापत्रकात नेमके काय बदलावे?

माझ्या मते सर्वाधिक फरक येथेच पडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. लहान आणि घाबरणारी मुले सकाळी घ्यावीत. तेव्हा ती ताजी असतात आणि डॉक्टरही. फ्रँकल या दंतवैद्यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या, पूर्ण असहकारापासून पूर्ण सहकारापर्यंतच्या चार पायऱ्यांच्या श्रेणीत मुलाच्या वागण्याची नोंद प्रत्येक भेटीत ठेवली, तर पुढच्या भेटीला किती वेळ लागेल हे रिसेप्शनवरील व्यक्तीलाही कळते; नुसते “दाढ भरणे” एवढे लिहून ठेवले तर तीन वर्षांच्या रडणाऱ्या मुलाला आणि नऊ वर्षांच्या शांत मुलीला सारखाच वेळ दिला जातो. पूर्णपणे असहकार्य करणारी दोन मुले पाठोपाठ घेऊ नयेत. त्यांच्यामध्ये तपासणी, फ्लोराइड वार्निश (कीड टाळण्यासाठी दातांवर लावायचा लेप) किंवा नुसती ओळखभेट ठेवावी. दिवसातून दोन मोकळ्या जागा राखाव्यात, दुखत असलेल्या मुलासाठी एक आणि उशीर भरून काढण्यासाठी दुसरी. या जागा रिकाम्या राहिल्या तर पैसे बुडतात, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. पण त्या भरून टाकल्या की किंमत डॉक्टरच्या धीरातून वसूल होते आणि धीर उधारीवर मिळत नाही.

पालकांशी सविस्तर बोलण्याचा वेळ उपचारात धरू नये, त्याला स्वतंत्र भेट द्यावी. मूल खुर्चीत आडवे असताना खर्च आणि पर्याय यांची चर्चा करणे तिघांवरही अन्याय आहे.

उपचाराची पद्धत बदलून ताण कमी करता येतो का?

काही ठिकाणी नक्कीच येतो. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत किडलेल्या दुधाच्या दाढेवर भूल न देता आणि न कोरता स्टीलची टोपी बसवतात. आत कोंडलेल्या किडीला खाद्य मिळत नाही आणि ती थंडावते. मगजाला संसर्ग झालेल्या दाढेसाठी ही पद्धत नाही. ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या द्रव औषधाचा थेंब कीड थांबवू शकतो, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे पालकांना आधी दाखवून त्यांची संमती घ्यावी लागते. नायट्रस ऑक्साइड या हुंगायच्या वायूची हलकी गुंगी किंवा फार काम असलेल्या लहान मुलासाठी पूर्ण भूल, हे पर्याय योग्य प्रशिक्षण आणि सोय असेल तेथेच वापरावेत. “मी पूर्ण भूल न देता करून दाखवतो” या जिद्दीपायी मूल आणि डॉक्टर दोघेही मेटाकुटीला आल्याचे मी पाहिले आहे. मदत मागणे किंवा मुलाला दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवणे यात कमीपणा नाही.

मोठी सुट्टी घेतली की पुरे होत नाही का?

सुट्टी आवश्यक आहे, पुरेशी नाही. परत आल्यावर तेच वेळापत्रक वाट पाहत असेल तर सुट्टीचा परिणाम लवकरच विरतो. मास्लाख आणि त्यांचे सहसंशोधक मायकेल लायटर यांनी कामाच्या सहा बाजू तपासायला सांगितल्या आहेत : कामाचा बोजा, कामावरील नियंत्रण, मोबदला आणि दखल, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. यांपैकी कोणती बाजू सर्वांत अधिक बिघडली आहे, हे सुट्टीत शांतपणे लिहून काढावे आणि परतल्यावर आधी तीच दुरुस्त करावी.

मी दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी करतो. वेळापत्रक माझ्या हातात नाही. मी काय करू?

तुमची अडचण खरी आहे, आणि अशा वेळी “ध्यान करा, सकारात्मक राहा” असे सांगणे मला योग्य वाटत नाही. महिनाभर नोंद ठेवा : प्रत्येक मुलासाठी दिलेला वेळ, लागलेला वेळ, मुलाच्या वागण्याची श्रेणी आणि पुन्हा करावे लागलेले काम. घाईत केलेले फिलिंग निघून आले, संतापलेले पालक परतले नाहीत, हे कागदावर दिसले की मालकाशी बोलण्याला आधार मिळतो. मागणी एकच आणि लहान ठेवा, उदाहरणार्थ पाच वर्षांखालील मुलांसाठी १५ मिनिटे वाढवून मिळावीत. वर्षभर काहीच हलले नाही, तर जागा बदलणे हा पळपुटेपणा ठरत नाही.

असिस्टंटचे काय?

तेही त्याच खोलीत, तेच रडणे ऐकत असतात आणि त्यांच्या हातात निर्णय त्याहून कमी असतो. अवघड भेटीनंतर पुढचे मूल आत येण्याआधी एक मिनिट दोघांनी बोलावे : काय जमले, कोठे चुकले. मी ज्यांच्याबरोबर सर्वांत अधिक वर्षे काम केले, त्या ताईंशी माझी एक खूण ठरलेली होती. माझा आवाज चढू लागला की त्या सक्शन बाजूला ठेवून मला पाण्याचा ग्लास देत. मी तो घेत असे आणि मुलालाही श्वास मिळत असे.

ही शाखाच सोडून द्यावी का?

रितेपणाच्या भरात हा निर्णय घेऊ नये. पण तो कधीच घेऊ नये असेही नाही. काही जण आठवड्यातून तीन दिवस मुले पाहतात आणि उरलेले दिवस शिकवतात किंवा शाळांत प्रतिबंधाचे काम करतात, आणि त्यांना त्यात समाधान मिळते. काही जण प्रौढांच्या उपचारांकडे वळतात. त्यांची आधीची वर्षे वाया गेली असे मी मानत नाही.

विश्रांतीनंतर पुन्हा काम सुरू करताना पहिला दिवस कसा असावा?

अर्धाच असावा. इंजेक्शन आणि कोरण्याचे काम त्या दिवशी घेऊ नये. तपासणीला आलेले, आधीपासून ओळखीचे, बोलके मूल पहिल्यांदा बोलवावे. त्याला खुर्ची वर-खाली करू द्यावी, हातात आरसा द्यावा आणि दात त्यालाच मोजू द्यावेत. दुधाचे सगळे दात असतील तर २० होतील. बहुतेक मुले मध्येच चुकतात आणि पुन्हा एकपासून सुरू करतात. तेवढा वेळ त्या भेटीत राखून ठेवावा.